निरोपाची तारीख पहिल्याच दिवशी सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. मानसशास्त्र आणि समुपदेशनाची पदविका झालेल्या एका ताईंना यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये समुपदेशक म्हणून सहा महिन्यांची कंत्राटी नेमणूक मिळाली आहे. दिवाळीनंतर त्या रुजू झाल्या, एप्रिलअखेर मुदत संपते. आठवी ते बारावी मिळून सहाशेच्या आसपास मुलं. स्वतंत्र खोली नाही आणि हेडसर रोज दोन-तीन ऑफ तास अंगावर टाकतात. कोणत्या चाचण्या विकत घ्याव्यात, असं त्यांनी विचारलं आहे. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: नववीतली एक मुलगी आली, "कोणाला सांगणार नाही ना?" म्हणाली, मी हो म्हटलं, ती नुसती रडली आणि बस आली म्हणून पळाली. तेव्हापासून समोर येत नाही.

ताई, मी सतरा वर्षं हेच काम करते आहे. वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत, आणि बहुतेक सगळं कंत्राटावरच. चाचण्यांचं बोलूच, पण आधी त्या शेवटच्या ओळीचं बोलू. ते काम थांबणारं नाही.

"कोणाला सांगणार नाही" हे वचन शाळेत काम करणाऱ्या माणसाला देताच येत नाही. मुलगी अठराच्या आतली आहे. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होण्याची भीती आहे असं तुम्हाला कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवत नसेल, तर एक वर्षापर्यंत. तुम्ही कंत्राटी आहात म्हणून यातून सूट नाही. शिवाय तिने जीव देण्याचं बोलून दाखवलं, तर घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला सांगावंच लागतं.

म्हणून उद्याच तिला गाठा. मी अशा वेळी साधारण असं बोलते: "त्या दिवशी मी पटकन हो म्हणाले, ते अर्धवट होतं. तुझं बोलणं मी स्टाफरूममध्ये नेणार नाही, वर्गशिक्षकांना सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मला मदतीला माणूस घ्यावा लागेल. कोणाला घ्यायचं, कधी सांगायचं, हे आधी तुझ्याशी बोलूनच ठरवू. आता तुला सांगायचं तेवढंच सांग." असं बोलल्यावर मूल गप्प होईल, ही भीती मलाही सुरुवातीला होती. काही मुलं खरंच दोन-चार दिवस थांबतात. पण बहुतेक परत येतात, कारण पुढे काय होणार हे कोणीतरी त्यांना पहिल्यांदाच सरळ सांगितलेलं असतं.

इथे एक गुंता आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अकरावी-बारावीतली मुलगी आपल्या मर्जीच्या संबंधाबद्दल बोलली, तरी कायदा अठराच्या आतली संमती मानत नाही. त्यामुळे मर्यादा सांगायची ती तिने तोंड उघडण्याआधी. मी हे वर्गातच सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे कुठल्या एकीला वाटत नाही की हे माझ्यासाठीच बोललं गेलं.

तिच्या मनात मरणाचे विचार आहेत का, हे विचारायला कचरू नका. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. आडवळणाने नको, सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" उत्तर हो आलं तर पुढचा प्रश्न आपल्या भागात एकच असतो: फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलं आहे? आपल्याकडे "औषध घेतलं" म्हटलं की कोणाला अर्थ विचारावा लागत नाही. बाटली खाटेखाली किंवा धान्याच्या कोठीमागे असते. त्याच दिवशी आईला किंवा काकाला बोलावून ती घराबाहेर आणि कुलपात गेली की नाही, याची खात्री करा. तो टोकाचा क्षण बहुतेक वेळा थोडा वेळच टिकतो, आणि त्या वेळात बाटली हाताशी नसणं हा आपल्या हातातला सगळ्यात मोठा उपाय आहे. तोवर मुलीला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो नंबर तिच्या वहीत तिच्याच हाताने लिहून घ्या. मुलांच्या मदतीचा १०९८ सुद्धा.

ती समोर का येत नाही, याचा अंदाज मी इथून करणार नाही. पण "बस आली म्हणून पळाली" हे लक्षात घ्या. खेड्यांवरून येणाऱ्या मुलींची मानव विकासची निळी बस सुटली, तर घरी जायला दुसरं काही नसतं, आणि उशीर झाला तर घरात उत्तर द्यावं लागतं. शाळा सुटल्यावर भेटायला बोलावणं म्हणजे त्या मुलीला भेट नाकारणंच. तिला दुसऱ्या-तिसऱ्या तासाला भेटा, हातात पाऊण तास ठेवून.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही चाचण्यांबद्दल विचारलंत, पण पत्र वाचताना मला जाणवलं की टोचतं आहे ते वेगळंच: सहा महिन्यांत मी कोणाचं काय उघडू, आणि उघडलं तर मागे कोण बघणार? प्रश्न अगदी बरोबर आहे.

माझी पहिली नेमणूक सात महिन्यांची होती. मुदत संपायला दोन आठवडे उरले असताना एका शुक्रवारी दुपारी फोन आला की प्रकल्प बंद होतो आहे, सोमवारपासून येऊ नका. मी गेले नाही. सांगायला थांबलेही नाही. मनात म्हटलं, मुलांना कशाला त्रास. पुढे काही महिन्यांनी त्या शाळेचे शिपाईकाका बाजारात भेटले. म्हणाले, "ते दहावीची पोरगी तीन शुक्रवार लायब्रीत बसून रायली, मॅडम. तुमी याल म्हनून." त्या मुलीच्या घरातून याआधी दोन माणसं न सांगता गेली होती, आणि हे तिने मलाच सांगितलेलं होतं. तिसरी मी. ते मला आजही पुसून टाकता येत नाही.

तेव्हापासून मी निरोपाची तारीख पहिल्या दिवशी सांगते. वर्गात फळ्यावर लिहिते: मी ३० एप्रिलपर्यंत आहे. मुलं विचारतातच, "तुमी किती दिस हाय मॅडम?" त्यांना सवय आहे, तासिकेवरचे सर बदलतात, डॉक्टर बदलतात. तारीख माहीत असली की मूल आपल्यापुरता हिशोब करतं, किती सांगायचं आणि कधी सांगायचं. तो हिशोब करण्याचा त्याला अधिकार आहे.

तुमच्याही हातात किती दिवस आहेत ते मोजा. कागदावर सहा महिने. दिवाळीनंतर कापूस वेचाई सुरू झाली की नववी-दहावीची मुलं आठवड्यातून दोन-तीन दिवस वावरात असतात. जानेवारीत स्नेहसंमेलन. फेब्रुवारीत बारावीचा बोर्ड, पाठोपाठ दहावीचा, आणि शाळेच्या अर्ध्या खोल्या केंद्रात जातात. एप्रिलात ऊन वाढतं, शाळा सकाळची होते. खरे हाती लागतात साडेतीन महिने. एवढ्यात सहाशे मुलांना पुरे पडता येत नाही. मी असते तर नववीचा वर्ग धरला असता.

नववीच का, ते सांगते. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं छत्र असतं. दहावीला सगळ्यांचं लक्ष असतं, कारण शाळेच्या निकालाचा आकडा तिथे लागतो. तोच आकडा राखण्यासाठी अनेक ठिकाणी कच्ची मुलं नववीतच अडवली जातात, नाहीतर त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगतात. मुलगी असेल तर "आता घरीच राहू दे" आणि पाठोपाठ स्थळं. गळती इथे होते, आणि ती होते तेव्हा कोणी विचारत नाही.

खोली नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. मला तर बंद दाराच्या खोलीपेक्षा ग्रंथालयाची खिडकीजवळची जागा किंवा मैदानाकडेचा निंब बरा वाटतो. सगळ्यांना दिसावं, ऐकू मात्र कोणाला येऊ नये. त्यात मुलाची सुरक्षितता आहे आणि तुमचीही. जपायचं ते वेगळं. शिपाई वर्गाच्या दारात उभा राहून "तुले समुपदेशनवाल्या मॅडमनं बोलावलं" म्हणाला की त्या मुलाला महिनाभर "पागल" ऐकावं लागतं. म्हणून मी हजेरीपटाच्या क्रमाने सगळ्यांनाच बोलावते. रोज पाच मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं. घरी कोण कोण आहे, सकाळी किती वाजता उठतोस, शाळेत कसा येतोस, झोप लागते का, एवढंच. ज्याला खरं बोलायचं असतं तो यादीत दुसऱ्यांदा येतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. हेडसरांनी दिलेले ऑफ तासही नाकारू नका, फक्त एकच मागणी करा: दरवेळी त्याच वर्गाचे द्या. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. ऑफ तास घेतले की आपण बदली शिक्षक होतो, असं त्या म्हणतात. ते शाळेवर अवलंबून आहे. पण ज्या शाळेत समुपदेशक म्हणजे काय हेच माहीत नाही, तिथे ओळख व्हायला मला तरी तोच रस्ता सापडला. छडी मात्र हातात घेऊ नका, आणि "याला जरा समजावा" म्हणून पाठवलेल्या मुलाला हेडसरांसमोर उभं करून समजावू नका.

चाचण्या. बुद्ध्यांकाची चाचणी प्रशिक्षणाशिवाय देऊ नका आणि तिचा आकडा शाळेच्या फाइलमध्ये जाऊ देऊ नका. तो मुलाच्या मागे फिरतो. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी नसेल तर दारावर "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" अशी पाटीही नको, कोणी कितीही आग्रह केला तरी. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन किंवा गणितातच अडणाऱ्या मुलाची, शंका आली तर तुमचं काम पुरावा जमवणं. त्याच मुलाच्या तीन विषयांच्या वह्या, श्रुतलेखन, तोंडी आणि लेखी उत्तरांतला फरक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती धरलेली आहे आणि बोर्डात जादा वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो, पण प्रमाणपत्र शासकीय वैद्यकीय मंडळाचं लागतं. त्याला वेळ जातो, म्हणून सुरुवात नववीतच करायची. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना पहिल्या आठवड्यातच भेटून या.

त्याआधी मुलाची भाषा आणि शरीर बघा. कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलीच्या घरातलं मूल पुस्तकी मराठीत अडखळलं, की त्याला लगेच मंद म्हणतात. काहींना नुसता चष्मा हवा असतो. आणि एक मुलगी मी कधीच विसरत नाही. "आळशी आहे, खेळाच्या तासाला बहाणे करते" म्हणून पाठवलेली. थंडी पडली की हातपाय दुखतात म्हणायची, महिन्यातून चार-पाच दिवस दांडी. नैराश्य असेल असं मीही धरून चालले होते, दोन भेटी त्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा दिसला. तपासणीत सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, निघाला. विदर्भात, त्यातही आदिवासी आणि काही दलित समाजांत, हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली तपासणी होते. शिक्षकांना बसवून समजावलं की हे दुखणं खरं आहे, तिला पाणी पिऊ द्या, थंडीत मैदानात उभं करू नका. तिचं "नैराश्य" त्यानंतर बरंचसं ओसरलं. तेव्हापासून झोपाळू, चिडचिडी, गप्प मुलगी दिसली की मी आधी विचारते: आठवड्याची लोहाची निळी गोळी घेतेस का, हिमोग्लोबिन कधी बघितलं?

आता आपल्या भागातलं सगळ्यात अवघड. वर्गात एखादं तरी मूल असं असतं, ज्याच्या बापाने औषध घेतलेलं असतं. एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मागच्या बाकावर बसायचा, वहीच्या शेवटच्या पानावर आकडे लिहायचा. मला वाटलं गणित. एक दिवस वही त्याने स्वतःच पुढे सरकवली. माय रोज किती किलो कापूस वेचते, तो स्वतः किती, धाकटी किती, आणि किलोमागे मिळालेली मजुरी. बेरजेच्या खाली दर ओळीला उरलेलं कर्ज. मी "तुला कसं वाटतं" विचारलं नाही. विचारलं, "शनिवारी एवढा कमी कसा?" तर म्हणाला, दव होतं, ओला कापूस घेत नाहीत. मग बराच वेळ गप्प. आणि मग: "मॅडम, अपात्र म्हंजे काय? माहा बाप खोटा मेला काय?"

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात एक लाखाची मदत मिळते, पण आधी प्रकरण पात्र की अपात्र हे समिती ठरवते. त्याच्या बापाचं कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं होतं, कागदावर काहीच नव्हतं. चावडीवर कोणीतरी "अपात्र निघालं" म्हटलं आणि पोराने तो शब्द बापावर घेतला. मी कागद काढला, निकष एकेक करून लिहिले, आणि कोणत्या निकषाचा कागद घरात नव्हता त्यावर बोट ठेवलं. हा शब्द फाइलचा आहे, तुझ्या बाबाचा नाही, असं त्याला दाखवलं. तो रडला नाही. फक्त कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. जाताना म्हणाला, "सारे मायलेच इचारतात. मले कोनी इचारलंच नोतं."

पुढची भेट आम्ही त्याच्या वर्गशिक्षिकेसोबत घेतली आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला घेतला. एक पालक गमावलेल्या मुलाला तिच्यातून आता दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो. अर्ज भरून देणं समुपदेशनात बसत नाही, असं आपल्याला शिकवलेलं असतं. मला ते कधीच पटलं नाही. ज्या मुलाची झोप कर्जाने उडाली आहे, त्याला खोल श्वास घ्यायला शिकवून कागद मात्र दुसऱ्यावर सोडणं मला जमत नाही.

हेच काम तुमच्या मागेही चालू राहू शकतं, म्हणून पहिल्या महिन्यातच शाळेत एक माणूस शोधा, जो एप्रिलनंतरही तिथेच असेल. हेडसरच असायला हवेत असं नाही. मुलं कोणाच्या जवळ घुटमळतात ते मधल्या सुट्टीत बघा. कधी त्या मराठीच्या बाई असतात, कधी प्रयोगशाळा सहायक. त्या माणसाला सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांना, ग्रामीण रुग्णालयातल्या किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकला, गावच्या आशाताईला आणि ग्रामसेवकाला भेटा. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी गावात ग्रामसेवकच असतो, हे शाळेत पुष्कळांना माहीत नसतं. शाळेची सखी सावित्री समिती (मुलींच्या सुरक्षिततेसाठीची) कागदावर असेल, तिची एक खरी बैठक घडवून आणा. चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवलेलं मूल सहसा पोचत नाही: माय रोज बुडवून येणार, एसटीचा पत्ता नाही, आणि पोचल्यावर कळतं की मानसोपचाराचे डॉक्टर आज नाहीत. आधी फोन करून दिवस विचारा, आणि पहिल्या खेपेला तुम्ही किंवा शाळेतल्या त्या माणसाने सोबत जावं. दुसऱ्या खेपेला घरची माणसं आपली आपण जातात.

पद पुढे चालू ठेवण्याबद्दल हेडसरांशी आणि संस्थेशी बोलायचं असेल तर एक आधार हाताशी ठेवा: जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असं म्हटलं आहे. तुमच्या शाळेत सहाशे आहेत. मागणी लेखी द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

मार्चपासून नवीन खोल विषय उघडू नका. तोवर दहा-पंधरा मुलं नेमाने येत असतील. त्या प्रत्येकासाठी शेवटच्या तीन भेटी वेगळ्या ठेवा, आणि त्यांतली एक त्या कायम माणसासोबत घ्या, मुलाच्या समोर, मुलाला विचारून की काय सांगायचं आणि काय नाही. नोंदवहीतलं नाव-गाव असलेलं काहीही स्टाफरूमच्या कपाटात मागे राहू देऊ नका. ज्यांचा दवाखाना किंवा अर्ज सुरू आहे त्यांच्यापुरतं एकेक पान त्या कायम माणसाच्या हाती द्या, बाकीचं नष्ट करा.

आणि मुदतवाढीची कुजबुज एप्रिलात सुरू होईलच. आदेशाचा कागद हातात पडेपर्यंत मुलांना "कदाचित येईन" म्हणू नका. फळ्यावर लिहिलेली तारीखच धरून चला. जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा तुम्ही परत दिसलात, तर पोरं आपोआप धावत येतील. त्या नववीतल्या मुलीला भेटल्यावर इथे एक ओळ टाका. तिच्याबद्दल काही लिहू नका, फक्त भेट झाली एवढंच कळवा.